तीन लॅब, तीन रिपोर्ट: पोटातले जंत तपासायचे तरी कसे?

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या एका ताईंनी विचारलंय ते थोडक्यात असं: मिस्टरांना तीन महिन्यांपासून पोटाचा त्रास आहे. कधी पातळ, कधी चिकट होतं, पोट फुगतं, सकाळी दोन-तीनदा जावं लागतं. पहिल्या लॅबचा संडासचा रिपोर्ट ‘नॉर्मल’. दुसऱ्या लॅबने ‘एन्टअमीबा हिस्टॉलिटिका सिस्ट’ लिहून दिलं. तिसरीत पुन्हा ‘ओव्हा-सिस्ट दिसले नाहीत’ (ओव्हा म्हणजे जंतांची अंडी, सिस्ट म्हणजे एकपेशीय परजीवीचं कवचात बंद झालेलं रूप). मधल्या काळात मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांचे तीन कोर्स होऊन गेले. सात वर्षांच्या मुलीला रात्री शौचाच्या जागी खाज सुटते, तिचाही रिपोर्ट नॉर्मल. आता कोणीतरी महागडी पीसीआर तपासणी (जंतूचा डीएनए शोधणारी) सुचवली आहे. खरं कोण बोलतंय, आणि पैसे कुठे घालायचे?

ताई, तिन्ही लॅबनी आपापल्या परीने खरंच लिहिलं असण्याची शक्यता आहे. मी मायक्रोबायोलॉजिस्ट आहे. सत्तावीस वर्षं झाली, धंतोलीत बसून याच डब्या उघडते आहे. लोक रिपोर्टकडे कोर्टाच्या निकालासारखं बघतात, म्हणून काचपट्टीवर नेमकं काय घडतं ते आधी सांगते.

डबी उघडली की काडीच्या टोकावर मोहरीच्या दाण्याएवढा भाग घ्यायचा. काचपट्टीवर एका बाजूला सलाइनचा थेंब, दुसऱ्या बाजूला आयोडिनचा. दोन्हींत तो भाग थोडा थोडा कालवायचा आणि वर पातळ काच ठेवायची. थर इतका विरळ हवा की पट्टी वर्तमानपत्रावर ठेवली तर खालची अक्षरं वाचता यावीत. सलाइनमध्ये जिवंत परजीवी हलताना दिसतात, आयोडिनमध्ये सिस्टच्या आतली केंद्रकं उठून दिसतात. मग भिंगाखाली पट्टी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, शेत नांगरल्यासारखी, ओळीने बघत जायची. नीट बघितलं तर दहा मिनिटं लागतात. समोर साठ डब्या असल्या तर किती मिनिटं मिळत असतील, त्याचा अंदाज तुम्हीच करा.

आता हिशोब बघा. एका थेंबात जाणारा भाग साधारण २ मिलिग्रॅम असतो. माणूस दिवसाला दीडशे-दोनशे ग्रॅम शौच करतो. म्हणजे आम्ही जे बघतो तो लाखातला एक भाग. ‘ओव्हा-सिस्ट दिसले नाहीत’ या वाक्यातला ‘दिसले’ हा शब्द म्हणूनच महत्त्वाचा आहे. त्याचं ‘नॉर्मल’ हे भाषांतर पेशंट करतो, आणि खरं सांगायचं तर घाईत असलेला डॉक्टरही करतो.

दुसरी अडचण परजीवींच्या स्वभावाची. तुमच्या मिस्टरांचं जे वर्णन तुम्ही केलंय (फुगणं, चिकट-तेलकट शौच, रक्त नाही, ताप नाही, लांबलेलं दुखणं) ते वाचून माझ्या मनात पहिलं नाव जिआर्डियाचं येतं. ढेकर सडक्या अंड्यासारखे येतात का, तेवढं विचारा. हा एकपेशीय परजीवी लहान आतड्याच्या वरच्या भागात चिकटून राहतो आणि सिस्ट रोज सारख्या सोडत नाही. एका दिवशी पट्टीभर दिसतील, पुढचे तीन दिवस एकही नाही. म्हणून एका नमुन्यात तो अर्ध्या-पाऊण रुग्णांतच हाती लागतो. एक दिवसाआड असे तीन नमुने, दहा दिवसांच्या आत दिले, तर दहातल्या नऊंच्या आसपास सापडतो. तुम्ही म्हणाल, आमच्याही तीन तपासण्या झाल्याच की! झाल्या, पण तीन महिन्यांत, तीन ठिकाणी, आणि मधे गोळ्या खाऊन. त्याला तीन नमुन्यांची तपासणी म्हणता येत नाही, त्या तीन सुट्या तपासण्या झाल्या.

गोळ्यांचा मुद्दा आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ घालतो. पोट बिघडलं की गल्लीतल्या मेडिकल स्टोअरमधून ऑफ्लोक्सासिन-ऑर्निडाझोलची पट्टी आणायची, दोन दिवस खायची, बरं वाटलं की सोडून द्यायची. त्यानंतर दिलेल्या नमुन्यात परजीवींची संख्या इतकी घटलेली असते की मला काही दिसत नाही, पण आतड्यातून ते पूर्ण गेलेलेही नसतात. मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल, डॉक्सिसायक्लिनसारखी अँटिबायोटिक्स, यातलं काहीही घेतलं असेल तर निदान दोन आठवडे थांबून नमुना द्यावा. अँटासिडची पातळ औषधंही आधी काही दिवस बंद ठेवावीत. आणि एरंडेल नको! ‘पोट साफ होऊन सगळं बाहेर येईल’ म्हणून घरची मोठी माणसं प्रेमाने एरंडेल पाजतात आणि मग माझ्या पट्टीवर तेलाचे थेंबच थेंब. गोल, चमकदार, अगदी सिस्टच्याच मापाचे.

आता मधल्या लॅबचा तो ‘एन्टअमीबा हिस्टॉलिटिका सिस्ट’. घरात सगळ्यात जास्त भीती या ओळीने पसरली असणार. जिला आपण अमीबाची हगवण म्हणतो, ती करणारा हिस्टॉलिटिका. पण त्याचा एक जुळा भाऊ आहे, एन्टअमीबा डिस्पार. तो आतड्यात राहतो, खातो-पितो आणि कोणाला काही करत नाही. दोघांच्या सिस्ट भिंगाखाली तंतोतंत सारख्या: तेच माप, तीच चारपर्यंत केंद्रकं. १९२५ साली ब्रुम्प्ट या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे दोन वेगळे असावेत असं म्हटलं, तेव्हा कोणी फारसं मनावर घेतलं नाही. १९९३ मध्ये ते वेगळेच असल्याचं पक्कं झालं. १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी सांगितलं की नुसत्या सिस्ट दिसल्या तर रिपोर्टमध्ये ‘हिस्टॉलिटिका किंवा डिस्पार’ असं लिहावं. इतकी वर्षं झाली, तरी आपल्याकडच्या छापील फॉर्मवर अजून एकटा हिस्टॉलिटिकाच आहे. भिंगाखाली हिस्टॉलिटिका म्हणून बोट ठेवता येतं ते एकाच वेळी: हलता अमीबा दिसला आणि त्याच्या पोटात गिळलेल्या तांबड्या रक्तपेशी दिसल्या तर. तसा रुग्ण वेगळाच असतो. त्याला मुरडा येतो, आव आणि रक्त पडतं. ‘थोडं चिकट होतं’ एवढ्यावर तो थांबत नाही.

शिवाय त्या सिस्ट होत्याच, हेही मी धरून चालणार नाही. एन्टअमीबा कोलाय नावाचा आणखी एक निरुपद्रवी भाडेकरू आहे, त्याच्या सिस्टमध्ये आठपर्यंत केंद्रकं असतात. ती मोजायची तर बारीक स्क्रू हळूहळू फिरवत वरखाली बघावं लागतं. घाईत चार मोजून झाली की माणूस थांबतो. पू-पेशी, यीस्टच्या गोळ्या, ब्लास्टोसिस्टिस नावाचा आतड्यातला आणखी एक सूक्ष्मजीव, हे सगळे नवशिक्याला अमीबा म्हणून फसवतात. मीही फसले आहे, ते पुढे सांगते.

समजा, सिस्ट खऱ्या होत्या. तरी मेट्रोनिडाझोलचे तीन कोर्स करूनही त्या जात का नाहीत, याचं उत्तर सोपं आहे. हे औषध आतड्याच्या भिंतीत शिरलेल्या हलत्या अमीबावर जोरात काम करतं. आतड्याच्या पोकळीतल्या सिस्टवर ते कमी पडतं. त्यासाठी डिलोक्सानाइड फ्युरोएटसारखं वेगळं औषध लागतं. चौथ्यांदा तीच पट्टी खाण्याआधी डॉक्टरांशी एवढं बोलून घ्या.

हिस्टॉलिटिका की डिस्पार हा प्रश्न खरोखर सोडवायचाच असेल तर शौचातल्या अँटिजेनची (म्हणजे परजीवीच्या स्वतःच्या प्रथिनाची) तपासणी किंवा पीसीआर. रक्तातली अमीबाची अँटिबॉडी त्यासाठी करू नका. यकृतात अमीबाचं गळू झालं असेल तर ती उपयोगाची. तिथे उलट शौचात बहुतेक वेळा काहीच सापडत नाही. पण आतड्याच्या दुखण्यात, आपल्या भागात, ती कधीकाळी होऊन गेलेल्या लागणीमुळेही पॉझिटिव्ह येते आणि वर्षानुवर्षं तशीच राहते.

नमुना घरी कसा घ्यायचा, हे काउंटरवर कोणी सांगत नाही. डबी हातात देतात आणि ‘उद्या सकाळी आणा’. विचारायला लाज वाटते आणि घरी जाऊन फजिती होते. तर ऐका. उपाशीपोटी असायची गरज नाही, तर्री-पोहे खाऊन या. सकाळचाच हवा असंही नाही, फक्त लॅब उघडी असताना ताजा पोचला पाहिजे. आधी लघवी करून घ्यावी, कारण लघवी मिसळली की हलते परजीवी मरतात. भांड्यातलं पाणीही लागू देऊ नये. त्याने ते फुटतात, आणि पाण्यातले मोकळे फिरणारे सूक्ष्मजीव माझ्या पट्टीवर येऊन आम्हीच रोगजंतू असल्याचा आव आणतात. कमोड असेल तर सीटखाली स्वच्छ प्लॅस्टिकचा कागद झोळीसारखा ताणून लावा. साधा संडास असेल तर लग्नात मिळतो तो कागदी द्रोण ठेवा, काम होतं. त्यातून डबीच्या चमच्याने मोठ्या बोराएवढा भाग घ्या. पातळ असेल तर दोन-तीन चमचे. डबी गच्च भरू नका, उन्हात गॅस होऊन झाकण उडतं आणि मग ती उघडणाऱ्याचा दिवस जातो. आव, चिकट धागा, रक्ताचा ठिपका जिथे दिसेल तिथलाच भाग मुद्दाम घ्या. घट्ट, स्वच्छ, दिसायला बरा भाग निवडून पाठवणारी माणसं मी पाहिली आहेत, जणू स्थळ दाखवायचंय.

वेळेचं गणित नमुन्यावर ठरतं. पाण्यासारखा पातळ असेल तर अर्ध्या तासात भिंगाखाली गेला पाहिजे, कारण हलता अमीबा किंवा जिआर्डिया त्याहून जास्त तग धरत नाही. अर्धवट घट्ट असेल तर तासाभरात. घट्ट नमुन्यात सिस्ट आणि अंडी असतात, ती टिकतात, म्हणून तो फ्रिजमध्ये दिवसभर चालतो. पातळ नमुना मात्र फ्रिजमध्ये ठेवू नये. (घट्ट नमुनाही दह्याच्या शेजारी ठेवू नका, दोन पिशव्यांत बांधून खालच्या खणात. यावरून एका घरात झालेलं भांडण माझ्या काउंटरपर्यंत आलं होतं.)

यात आपल्या नागपूरचा मे महिना घाला. पारा पंचेचाळीसच्या पुढे, आणि घरून नमुना नेणारा मुलगा सकाळी सातला मानेवाड्याहून निघून, आठ घरं करत, अकराला लॅबमध्ये पोचतो. पाठीवरच्या काळ्या बॅगेत तोवर जे शिजतं त्यात मला काय दिसणार? रक्तासाठी घरी माणूस बोलवा, सोय आहे. संडासच्या नमुन्यासाठी स्वतः जा, नाहीतर लॅबकडून फॉर्मॅलिन घातलेली डबी मागून घ्या. त्यात हलते जीव मरतात, पण सिस्ट आणि अंडी जशीच्या तशी राहतात.

माझी फसगत झाली ती याच वेळेपायी. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. पावसाळ्याचे दिवस, काटोलकडची शेतमजूर बाई, हिमोग्लोबिन पाचच्या घरात, अंगावर सूज. गोळ्या, इंजेक्शनं सगळं सुरू होतं, पण रक्त चढतच नव्हतं. तिचा नमुना माझ्याकडे आला. पट्टीवर वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या आणि मी ऐटीत ‘स्ट्राँगिलॉइडिस’ या जंताचं नाव लिहून मोकळी झाले. पुस्तकात तसंच होतं: ताज्या शौचात अळी दिसली तर स्ट्राँगिलॉइडिस. आमच्या मॅडमनी रिपोर्टवर सही करण्याआधी एकच विचारलं, “नमुना कधीचा आहे?” फोन लावला तर कळलं, आदल्या दिवशी पहाटेचा. बाईचा मुलगा तो घेऊन एसटीने आला होता, रात्री नातेवाइकाकडे थांबला होता, डबी खिडकीत होती. श्रावणातली उमस आणि दीड दिवस. त्या अळ्या अंकुशकृमीच्या होत्या, अंडी डबीतच फुटली होती. मॅडमनी मला पुन्हा बसवलं आणि अळीचं तोंड दाखवलं. अंकुशकृमीच्या अळीची तोंडाची नळी लांब असते, स्ट्राँगिलॉइडिसची आखूड. दुसऱ्या दिवशीच्या ताज्या नमुन्यात अंकुशकृमीची अंडी ढिगाने होती, पातळ पारदर्शक कवचाची, आत पेशींच्या चार-आठ गोळ्या. हा जंत आतड्याला चावून रक्त पितो. त्याच्या एका जातीचा एकेक जंत दिवसाला ०.२ मिलिलीटरपर्यंत रक्त घालवतो, आणि पोटात शंभर-दोनशे असले तर लोहाच्या गोळ्या कुठे पुरणार! चिखलात अनवाणी काम करताना तो पायाच्या कातडीतून शिरतो. आजही कोणा शेतकरी बाईचं हिमोग्लोबिन कारण नसताना कमी दिसलं की मी फोन करून शौचाचा नमुना मागवते.

स्ट्राँगिलॉइडिसचं म्हणाल तर तो साध्या तपासणीत सहसा चुकतो. त्याच्यासाठी वेगळ्या पद्धती आणि रक्ताची तपासणी आहे. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी जास्त मात्रेत, लांबलचक स्टेरॉइड सुरू होणार असेल आणि रक्तात इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाढलेले असतील, तर डॉक्टरांना त्याची आठवण जरूर करून द्या. स्टेरॉइडखाली हा जंत अंगभर पसरून जिवावर उठू शकतो.

इओसिनोफिलवरून आठवलं. ‘रक्तात इओसिनोफिल नॉर्मल आहेत, म्हणजे पोटात काही नाही’ असं पुष्कळ जण सांगतात. अंकुशकृमी, गोलकृमी यांसारख्या शरीराच्या आतून प्रवास करणाऱ्या जंतांत ते वाढतात. जिआर्डिया आणि अमीबा एकपेशीय आहेत, त्यांच्यात सहसा वाढत नाहीत. तेव्हा मिस्टरांच्या बाबतीत रक्ताचा तो आकडा कोणत्याच बाजूने काही सांगत नाही.

तसंच ‘स्टूल कल्चर’चं. शब्द भारदस्त आहे, पैसेही जास्त लागतात, म्हणून लोक समजतात ही वरची तपासणी. कल्चरमध्ये बॅक्टेरिया वाढवतात, साल्मोनेला, शिगेला वगैरे. जंत किंवा जिआर्डिया त्या बशीवर उगवत नाहीत. ‘नो ग्रोथ’चा रिपोर्ट घेऊन ‘बघा, जंत नाहीत’ म्हणणारे महिन्याला चार तरी येतात.

आता मुलगी. तिच्यासाठी शौचाचा नमुना पुन्हा देऊच नका. रात्रीची खाज म्हणजे जवळजवळ नक्की सुतकृमी, आणि त्याची मादी अंडी शौचात घालत नाही. मुलगी झोपली की ती बाहेर सरकते आणि गुदद्वाराभोवतीच्या घड्यांत अंडी चिकटवून ठेवते. साध्या शौच तपासणीत दहातल्या एखाद्याच मुलात ती दिसतात. याची तपासणी चिकटपट्टीची, खर्च शून्य. साधी पारदर्शक चिकटपट्टी घ्या, दुधाळ रंगाची नको, तिच्यातून भिंगाखाली काही दिसत नाही. सकाळी मुलगी उठल्या उठल्या, संडासला जायच्या आधी, धुवायच्या आधी, पट्टीची चिकट बाजू त्या जागेभोवती दोन-तीनदा दाबा. मग तीच बाजू काचपट्टीवर सपाट चिकटवा. काचपट्टी कोणत्याही लॅबमधून मिळेल. सलग तीन सकाळी केलं तर दहातले नऊ सापडतात. हात लगेच साबणाने धुवा. रात्री झोप लागल्यावर दोन-तीन तासांनी टॉर्च लावून बघितलं तर कधी कधी पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यासारखी मादी चालताना दिसते, सेंटिमीटरभर लांब. दिसली तर लॅबची गरजच नाही.

सापडलं की औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यायचं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा, कारण गोळी मोठे जंत मारते, अंड्यांना काही होत नाही. मात्रा मुलांच्या डॉक्टरांना विचारून. तुम्ही म्हणाल, शाळेत फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये अल्बेंडाझोल देतात की! देतात, आणि ते जरूर घेऊ द्यावं. पण ते एकदाच, आणि त्या दिवशी घरातल्या बाकीच्यांनी घेतलेलं नसतं. चादरीवर, नखांत, चड्डीवर अंडी दोन आठवडे जगतात. नखं काढा, सकाळी अंघोळ घाला, चादरी गरम पाण्यात धुऊन उन्हात टाका. आपल्या उन्हाचा एवढा तरी उपयोग व्हावा. झोपेत दात खाते म्हणून जंत, गोड खाते म्हणून जंत, हे मात्र विसरा. लाडू खाऊन जंत होत नाहीत. वावडिंग द्यायचं तर द्या, पण चिकटपट्टी आधी लावा, नंतर नको.

पीसीआरबद्दल स्पष्ट सांगते. मिळतात ते पॅनेल बहुतेक अचानक लागलेल्या जुलाबांसाठी बनवलेले असतात. त्यात जिआर्डिया, हिस्टॉलिटिका, क्रिप्टोस्पोरिडियम हे एकपेशीय परजीवी येतात आणि ते नेमके येतात, डिस्पारला हिस्टॉलिटिका म्हणत नाहीत. पण जंत त्यात सहसा नसतात. अंकुशकृमी, गोलकृमी, फीतकृमी यांच्याबद्दल तो रिपोर्ट गप्प असतो. शिवाय मेलेल्या जंतूचा डीएनएही तो पकडतो, म्हणून औषधानंतर लगेच केला तर पुन्हा घोळ. काही हजार रुपये लागतात. मी असते तर आधी दोन आठवडे कुठलीही गोळी न घेता थांबले असते, मग एक दिवसाआड तीन ताजे नमुने एकाच लॅबमध्ये दिले असते आणि सोबत जिआर्डियाचं अँटिजेन करून घेतलं असतं. त्यातून उलगडा झाला नाही तरच पीसीआर.

कोणती लॅब हे मी सांगणार नाही, पण काउंटरवर काय विचारायचं ते सांगते. नमुना दिल्यापासून किती वेळात बघता? काही ठिकाणी दिवसभराच्या डब्या जमवून दुपारी एकदाच बसतात, तिथे पातळ नमुना देऊ नका. कॉन्सन्ट्रेशन करता का? यात अर्धा-एक ग्रॅम शौच फॉर्मॅलिन-इथरमध्ये फिरवून तळाशी बसलेला गाळ बघतात, म्हणजे लाखातल्या एका भागाच्या कित्येक पट जास्त. आणि क्रिप्टोस्पोरिडियम, सायक्लोस्पोरासाठी वेगळा आम्ल-रोधी रंग करता का? हे दोघं एकपेशीय परजीवी साध्या पट्टीत हमखास निसटतात. डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहिल्याशिवाय तो रंग कोणी करत नाही. मिस्टरांची प्रतिकारशक्ती कमी करणारं काही औषध सुरू असेल, किंवा एचआयव्हीची तपासणी कधी झालीच नसेल, तर हा मुद्दा जास्त गंभीर. खासगीत दाद लागली नाही तर मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स, या नागपुरातल्या तिन्ही सरकारी रुग्णालयांत मायक्रोबायोलॉजीचा विभाग आहे. रांग लावावी लागेल, पण या पद्धती तिथे विद्यार्थ्यांना शिकवतातच. आणि लॅब बदलत राहू नका.

तीन नमुने आणि अँटिजेन दोन्ही निगेटिव्ह आले, तर परजीवींचा नाद सोडून पोटाच्या डॉक्टरांकडे जा. थायरॉइड, गव्हाची अ‍ॅलर्जी म्हणतात तो सीलिअ‍ॅक, आतड्याचा टीबी, डायबिटीसच्या मेटफॉर्मिनचा परिणाम, असं बरंच काही याच वेशात येतं. जिआर्डिया होऊन गेल्यावरही काही आठवडे दूध पचत नाही. पंधरा दिवस दूध बंद करून फरक पडला तर तीच खूण. वजन उतरत असेल, रक्त पडत असेल, ताप असेल, झोपेतून उठून जावं लागत असेल, तर मात्र तीन नमुन्यांची वाट बघू नका, त्याच आठवड्यात जा.

भाजीचंही एक. हिवाळ्यात सांबारवडीसाठी जुड्याच्या जुड्या सांबार आपण आणतो. (पुण्याकडचे वाचत असतील तर कोथिंबीर.) सांडपाण्यावर काढलेल्या पालेभाजीवर गोलकृमीची आणि डुकरातल्या फीतकृमीची अंडी चिकटून येऊ शकतात. वडी तळली जाते, तिची चिंता नाही. वरून भुरभुरलेला कच्चा सांबार पानं सुटी करून दोन-तीन पाण्यांतून काढलेला हवा. फीतकृमीच्या त्या अंड्यांपासून मेंदूत गाठी होतात, फिट्स येतात, आणि मटणाला कधी हात न लावलेल्या घरातही येतात.

शेवटी, शौचात कधी ‘किडा’ दिसलाच तर घाबरून पाणी ओतू नका. हातमोजा किंवा पिशवी घालून उचला, छोट्या बाटलीत मिठाच्या पाण्यात नाहीतर स्पिरिटमध्ये टाका आणि घेऊन या. एका नजरेत जे ओळखू येतं त्यासाठी दहा पट्ट्या बघाव्या लागत नाहीत. सपाट, पांढरा, भोपळ्याच्या बीएवढा तुकडा असेल तर फीतकृमी; गांडुळासारखा वीतभर असेल तर गोलकृमी. आणि गेल्या वर्षी महालातले एक आजोबा अत्तराच्या बाटलीत जपून आणलेला, शेपटीवाला, पांढरा ‘जंत’ घेऊन माझ्यासमोर बसले होते, चेहरा उतरलेला, दोन रात्री झोप नाही. भिंगाची गरजच पडली नाही. मोड आलेला मूग होता, सालासकट, न चावता गिळलेला. आजोबांना नवी कवळी नीट बसत नव्हती, त्यांना दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं.